मध्यस्थ नको

पकालोंगान शहराच्या उत्तरेला, समुद्राच्या अंगाला असलेल्या गल्लीत कास्मुरीने आपल्या घरावर पाटी ठोकली. ‘घर विकणे आहे. मालकाशी थेट बोला. मध्यस्थ नको.’ शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा दलाली वाचवतोय.

खरं तर दलाल येऊन गेला होता. गल्लीत घोटाभर पाणी होतं, म्हणून तो मोटारसायकलवरून खालीसुद्धा उतरला नाही. बसल्या जागेवरूनच घराकडे बघून, वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारून म्हणाला, "पाक, घर म्हणून हे जायचं नाही. कुणी मासे पाळायला घेतंय का बघा." आणि गाडी वळवून निघून गेला. कास्मुरीने सगळी हयात सेमारांगची बस चालवली होती, उतारूंच्या शिव्या पचवल्या होत्या. पण हे बोलणं काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्याच संध्याकाळी त्याने पाटी रंगवायला घेतली.

भरतीचं पाणी गल्लीत शिरायला लागलं त्याला बरीच वर्षं झाली होती. जमीन खचत होती, समुद्र चढत होता. कास्मुरीने तीनदा भराव घालून घराची जमीन उंच करून घेतली. जमीन वर आली, छप्पर मात्र होतं तिथेच राहिलं. खिडकी गुडघ्याशी आली, दारातून वाकून आत यावं लागे. त्याची बायको दर्सीना दिवसभर त्या खाऱ्या ओलीत वावरे आणि तिच्या पायांच्या जखमा काही केल्या भरत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, कोरड्या जागी राहायला जा. डोंगरातल्या सालातिगाला मुलगी दिली होती. तिने तिथे दोन खोल्यांचं एक घर बघून ठेवलं होतं. अडत होतं ते हे घर विकलं जात नाही म्हणून.

फोन यायचे. पहिलाच प्रश्न असायचा, "पाणी शिरतं का हो?"

"शिरतं," कास्मुरी सांगायचा, आणि पलीकडून फोन ठेवला जायचा.

असे बरेच फोन झाल्यावर त्याने ते सांगणं बंद केलं. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवर चुना फासला आणि लोकांना ओहोटीची वेळ द्यायला लागला.

एका सकाळी गालीह आणि त्याची बायको इस्ती आले. डोंगराकडची माणसं. त्याला लुंग्यांच्या कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती, तिला सातवा महिना होता. गल्ली कोरडी होती. दर्सीनाने फणसाची भाजी घातलेला भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेम्पे पुढे ठेवलं.

"छप्पर खाली वाटतंय नाही, पाक?" गालीहने विचारलं.

"जुन्या पद्धतीचं आहे. गरम होत नाही," कास्मुरी म्हणाला. आपण इतकं सहज खोटं बोलतो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

इस्तीला मागची खोली फार आवडली. "सासूबाई इथे राहतील, बू," ती दर्सीनाला आईसारखी हाक मारून म्हणाली. "त्यांचं अर्धं अंग गेलंय, बू. पलंगावरून पडतात, म्हणून खाली जमिनीवरच गादी घालतो त्यांना. आम्ही दोघं कामावर गेलो की त्या एकट्याच असतात."

दर्सीना भाताचं ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

"खाली नका झोपवू त्यांना," ती म्हणाली.

"का हो?"

कास्मुरीने बायकोकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. "उंच पलंग करा," ती म्हणाली. "कठडा लावून घ्या. पाणी येतं, पोरी. पुनवेला तर या खोलीत नडगीपर्यंत येतं. हाक मारली तरी कुणाला ऐकू जाणार नाही."

दोघं उठली. इस्तीने जाताना दर्सीनाचा हात आपल्या कपाळाला लावला. गालीहने कास्मुरीचा निरोपसुद्धा घेतला नाही.

"मध्यस्थ नको म्हणून पाटीवर लिहिलं," ती दोघं वळणाआड गेल्यावर कास्मुरी कडवटपणे म्हणाला, "तर तूच येऊन बसलीस मध्ये."

"बसले. काय करणार आहात?"

"तुझ्यासाठीच विकतोय ना मी! तुझ्या पायांसाठी!"

"माझ्या पायांसाठी त्या बाईला बुडवू?"

कास्मुरी उष्टी ताटं उचलून न्हाणीकडे गेला.

पुढे पावसाळ्यात रोखीम नावाचा कोळी आला. तो मुद्दाम भर भरतीत आला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. त्याची वाडी पूर्वेला किनाऱ्यावर होती आणि आता तिथे समुद्रच होता. घराघरांत जायला बांबूचे साकव बांधलेले होते. त्याने सगळ्या खोल्यांतून फिरून पाणी बघितलं.

"तुमच्या चुलीखाली अजून कोरडं आहे की, पाक," तो कौतुकाने म्हणाला.

या माणसापुढे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. कास्मुरी भडभडा बोलायला लागला. पाणी आधी न्हाणीतून येतं, मग उंबऱ्यावरून. मागची भिंत कच्ची आहे. विहीर खारी झालीय. रोखीम मान डोलवत ऐकत होता.

"पाचेक वर्षं निघतील?"

"चार म्हण."

"चार तर चार. एकरकमी नाही जमायचं मला. होडीचं इंजिन देतो, बाकीचं दर महिन्याला."

त्यात सालातिगाचं घर येणार नव्हतं. एखादी भाड्याची खोली कदाचित आली असती. कास्मुरीने दर्सीनाकडे बघितलं, तिने हलकेच मान हलवली. त्याने होकार दिला, मुलीला फोन केला आणि दर्सीनाने भांडी पोत्यात भरली.

आठवड्याने रोखीम पुन्हा आला. उंबऱ्याच्या आत येईना.

"पाक, रागवू नका. बायको नाही म्हणते."

"आता काय झालं?"

"म्हणते, चार वर्षांनी पुन्हा हेच करायचं, तर कशाला उठायचं? तिथे बुडतोय ते आपल्या माणसांत तरी बुडतोय. इथे आपल्याला कोण ओळखतंय?"

ज्याचं घर समुद्रात होतं, त्यालाही हे घर नको होतं. "बस. चहा घेऊन जा," कास्मुरी म्हणाला. रोखीमने उभ्याउभ्याच चहा घेतला, दोनदा माफी मागितली आणि पाण्यातून चालत गेला.

दर्सीनाने पोत्यातून भांडी बाहेर काढली. त्या रात्री मुलीचा फोन आला, तो कुणीच उचलला नाही.

पुढच्या मोठ्या भरतीनंतर कास्मुरीने मातीची गाडी मागवली. या वेळी जमीन इतकी वर आली की खोलीतला पंखा डोक्याला लागायला लागला. तो त्यानेच उतरवला. दर्सीना पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. उकाडा मी म्हणत होता. तिने ताटाने स्वतःला वारा घातला, मग थोडा त्याला घातला.