ठमीवैनींची गाडी बहिरी झाली

मी एक जुनी, रिमोटवर पळणारी गाडी आहे, मित्रांनो. 'पळणारी' हे आपलं म्हणायचं. सध्या मी खिडकीतल्या फळीवर बसून असते. माझ्या टपावर दुपारी एक पाल झोपते आणि तिला हाकलायला मला साधा हॉर्नसुद्धा नाही.

मला कुठल्या कारखान्यात कुणी बनवलं, ते मला ठाऊक नाही. खोक्याचं झाकण उघडलं ते मांडव्याजवळच्या एका बंगल्यात. मुंबईची मंडळी शनिवारी बोटीने यायची, रविवारी परत जायची. त्यांच्या पोरांनी मला पायऱ्यांवरून उडवायचा खेळ काढला. तिसऱ्या उडीला माझ्या पाठीवरची प्लास्टिकची नळी मोडली आणि तिच्यातली काळी बारीक तार बाहेर येऊन उंदराच्या शेपटीसारखी लोंबायला लागली. पोरांना मोडकं खेळणं नको होतं. मी रिकाम्या बाटल्यांबरोबर कचऱ्यात गेले.

तिथून मला उचललं दयारामने. तो टेम्पो चालवायचा, बंगल्यांचं सामान पोचवायचा आणि भंगार न्यायचा. वय पन्नाशीचं, अक्कल पाचवीतली, असं त्याची बायको ठमी म्हणायची. त्याने माझ्यात नवे सेल घातले, बटण दाबलं आणि मी सुर्रकन टेम्पोखालून पलीकडे गेले. नळी मोडली होती, पण तार शाबूत होती ना! ती तार म्हणजे माझा कान, मित्रांनो. रिमोटमधून निघालेला हुकूम हवेतून येतो आणि ती तार तो पकडते. ती पुरती लांब आणि मोकळी असली, की मला गल्लीच्या टोकावरूनही ऐकू येतं.

मग काय मजा केली म्हणता! दयाराम माझ्या टपावर सुका बोंबील बांधायचा आणि गावातली सगळी मांजरं माझ्यामागे वरातीसारखी निघायची. एकदा गावकीच्या बैठकीत त्याने मला केळीच्या पानाखाली लपवून सोडलं. सरपटणारं पान बघून भली भली जाणती माणसं लुंग्या सावरत खुर्च्यांवर चढली. दयाराम दाराआड हसून हसून खाली बसला होता. ठमीने त्याला घरी आल्यावर शिव्या घातल्या आणि मग स्वतःच पदर तोंडात कोंबून हसली.

ती ठमी एका सकाळी भाकरी थापता थापता कलंडली.

लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. अलिबागच्या इस्पितळातून घरी आणली तेव्हा घशातून फक्त 'हं' एवढंच निघायचं. गल्लीत जिचा आवाज सगळ्यात मोठा, ती ओटीवरच्या खाटेवर पडून खिडकीतून बघत राहायची. सुरुवातीला बायका येऊन बसल्या. मग जो तो आपापल्या कामाला लागला. त्यांचं तरी काय चुकलं?

दयारामने खूप नकला केल्या. डॉक्टरची केली, नर्सची केली. ठमी भिंतीकडे बघायची. शेवटी एका संध्याकाळी त्याने मला अंगणात ठेवलं आणि रिमोट तिच्या लुळ्या उजव्या हातात दिला.

"घे ठमे. मी काय तुला आयुष्यात टेम्पो चालवू दिला न्हाय. ही चालव. ठोकलीस तरी भरपाई न्हाय मागणार."

बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा अंगठा हलला. मी पुढे गेले. धडपडत, तुळशीला धडकत, पण गेले.

पुढे पुढे ती मला गल्लीत न्यायला लागली. गल्लीच्या टोकाला केसर सुकी मासळी घेऊन बसायची. ठमीची बालपणापासूनची मैत्रीण, जिभेने सुरीहून धारदार. पहिल्या दिवशी मी तिच्या टोपलीला धडकले, तेव्हा तिने आधी मला बघितलं, मग लांब खिडकीकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "आलीस काय गो ठमे? इतके दिस कुठं मेली व्हतीस?"

खिडकीतून 'हं' आलं. मोठं आलं.

तेव्हापासून मी गाडी राहिले नाही, मित्रांनो. मी ठमी झाले. गल्लीतून निघाले की माणसं म्हणायची, "सरका रं, वैनी निघाल्या." केसर माझ्या टपावर कधी अबोलीचा गजरा ठेवायची, कधी मूठभर सोडे. गावभरच्या चुगल्या माझ्यासमोर बसून मोठ्याने सांगायची. "नवरा कसा हाय तुझा? तसाच ना, बिनकामाचा?" ठमीचा अंगठा मला जागच्या जागी मागे-पुढे हलवायचा. ती मान डोलावत असे ती माझ्याकडून. डॉक्टर म्हणाले, हात सुधारतोय.

दृष्ट लागावी असे दिवस होते. दृष्ट लागली नाही. माया लागली, तीच नडली.

गल्लीच्या मध्यावर उंडीच्या झाडाखाली बाळाजी जाळी दुरुस्त करत बसायचा. एका संध्याकाळी माझी लोंबती तार त्याच्या जाळ्यात अडकली. ठमी पुढे दाबतेय, मी जागच्या जागी घरघरतेय. बाळाजीने हळूच गुंता सोडवला. आता जाळं विणणाऱ्या माणसाच्या हाताला एक सवय असते. गाठ मारली की मागे उरलेलं शेपूट कापायचं, म्हणजे ते कुठे अडकत नाही. त्याचा हात त्याच सवयीने चालला. चाकू तारेच्या बुडाशी लागला आणि तार खाली पडली.

"जावा वैनी," तो प्रेमाने म्हणाला, "आता काय अडकायचं न्हाय तुम्हाला."

मी गेले नाही. मला काही ऐकूच येत नव्हतं. लांब खिडकीत ठमी अंगठा दाबत होती, एवढं मला दिसत होतं. अंधार पडेपर्यंत ती दाबत होती.

दयारामला आधी वाटलं सेल गेले. नवे घातले. खाटेजवळ मी चालायचे, उंबऱ्याबाहेर ठार बहिरी. तो मला अलिबागला रितेशच्या मोबाईलच्या दुकानात घेऊन गेला. रितेशने डाग देऊन नवी तार जोडली, पण ती लोंबती वाईट दिसते म्हणून गुंडाळी करून माझ्या पोटात कोंबली.

"काका, आता कशी नव्यासारखी दिसतेय!"

"दिसते रं. पण ऐकते का?"

"अंगणापर्यंत ऐकंल. खेळणं हाय काका, विमान न्हाय."

बाळाजी काय, रितेश काय, दोघेही भले, दोघेही नीटनेटके. त्यांच्या नीटनेटकेपणात माझा कान गेला.

ठमी परत भिंतीकडे बघायला लागली. मग दयारामने आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप रचली. गळाला लावतात ती तंगुसाची बारीक दोरी त्याने माझ्या पुढच्या चाकांमध्ये बांधली आणि धुळीतून, केसर बसायची तिथल्या भिंतीमागपर्यंत नेली. ठमीच्या हातात रिमोट दिला. "झाली गो बरी तुझी गाडी. चालव. मी दुकानात जाऊन येतो." आणि भिंतीमागे बसून हळूहळू दोरी ओढायला लागला.

अंगणात असेपर्यंत मला ठमी ऐकू येत होती. तिने पुढे दाबलं, मी पुढे गेले. तिने थांबवलं. मी थांबले नाही. मग तिने मागे दाबलं. माझी चाकं उलटी फिरायला लागली आणि मी मात्र पुढेच, खरवडत, धूळ उडवत. असली विचित्र गाडी बघून कुणीही हसलं असतं. ठमी हसली नाही. तिने अंगठा उचलला.

दयाराम धापा टाकत परत आला. "गेली का न्हाय केसरपर्यंत? बोल!"

ठमीने अर्ध्या ओठांनी हसून दाखवलं. "हं."

मग रोज संध्याकाळी तेच. तो ओढायचा, केसर आवाज चढवून बोलायची, आणि अंगणात मी कान देऊन असायचे. खिडकीतून काही यायचं नाही. एक हुकूम नाही. तो अंगठा चादरीवर नुसता पडलेला असायचा, आणि पडल्या पडल्या पुन्हा आखडत चालला होता.

एके दिवशी तो असाच मला काखेत मारून आला. "काय चालवलीस गो ठमे! वळणावर तर माझ्यापेक्षा भारी!" आणि सेल काढून ठेवायला म्हणून त्याने रिमोट घ्यायला हात पुढे केला.

ठमीचा हात रिकामा होता.

रिमोट दयारामच्याच शर्टाच्या खिशात होता. त्या दिवशी तो द्यायलाच विसरला होता. ठमी त्याच्याकडे बघत होती आणि अर्ध्या ओठांनी हसत होती, त्याला बरं वाटावं म्हणून.

सगळ्या गावाला फसवणारा तो माणूस खाटेच्या कडेला बसला. मग त्याने तिचा आखडलेला अंगठा धरला आणि चोळत बसला. दुसऱ्या दिवशी दोरी सोडली आणि मला फळीवर ठेवलं.

मित्रांनो, एखादी वस्तू लोंबते, वाकडी दिसते, म्हणून तिला छाटू नका. ती तशी का आहे ते आधी विचारा. माझ्या पोटातली ती गुंडाळी कुणी सोडवली, कापली गेली तेवढीच लांब तार पाठीवर मोकळी सोडली, तर मी आजही केसरच्या टोपलीपर्यंत जाईन. काम मोठं नाही. तुमच्यापैकी कुणाला डाग देता येत असेल तर या. घर सोपं आहे, मांडव्याहून येताना कुणालाही ठमीवैनींचं विचारा.

पण लवकर या. परवा केसर खिडकीखालून ओरडत गेली, "ठमे, माझ्या पोरीचं लग्न ठरलं गो!" हातात रिमोट नव्हता, तरी ठमीचा अंगठा चादरीवर पुढे सरकला. मग मागे आला. मग परत पुढे.

मी फळीवरून बघत होते. मला काही ऐकू आलं नाही.