सुद्या झोपला तेव्हा

जगातली मोठमोठी साम्राज्यं तलवारीनं बुडाली नाहीत, बेसावध झोपेनं बुडाली. शिरूर अनंतपाळच्या शेषेराव पैलवानांचं साम्राज्य मात्र बुडायला आलं ते चार वर्षांचा नातू दुपारचा झोपत नव्हता म्हणून.

नातवाचं नाव सुदर्शन, हाक सुद्या. पोरगं खरंच चक्रासारखं फिरेल आणि वाटेत येईल त्याला कापत जाईल, हे नाव ठेवताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कापायचं हत्यार दात. शेषेरावांनी उभ्या जन्मात लातूर-नांदेडच्या आखाड्यांत भलेभले लोळवले होते, पण गुडघ्याएवढ्या या गड्यापुढं ते आतून कडी लावून घेत. धाकट्या लेकीला, पुनमला, बघायला हिमायतनगरचे पाहुणे आले, तेव्हा सुद्यानं नवऱ्या मुलाच्या चुलत्याच्या, वैजनाथरावांच्या, मांडीचा असा लचका तोडला की त्यांनी पोहे उभ्यानंच खाल्ले. तरी सोयरीक जुळली. निघताना ते एवढंच म्हणाले, "साखरपुड्याला येतो पैलवान. पर ते पोरगं तेवढं बांधून ठेवा."

त्यामुळं साखरपुड्याच्या दिवशी घरात कधी नव्हे ती एकी होती. सुद्या झोपला पाहिजे. कसा, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. त्या घरात विचारलं की वाद व्हायचा, आणि वाद झाला की कुणाला तरी टाके पडायचे.

सून सुकन्या, म्हणजे सुद्याची आई, हिच्या बहिणीनं पुण्याहून एक डबी पाठवली होती. डबीवर टोपी घातलेलं हसरं अस्वल, आत संत्र्याच्या चवीच्या मऊ गोळ्या. "औषध न्हाई मामंजी," सुकन्या म्हणाली होती, "निसर्गाचं हाय. लेकरांसाठीच असतंय. झोप लागतीय निस्ती." शेषेरावांनी अस्वलाकडं पाहिलं. अस्वल भल्या घरचं वाटलं.

दुपारी पाहुण्यांच्या जीपगाड्या आल्या. वैजनाथराव मांडीवर हात ठेवूनच मांडवात शिरले. सलोख्याची खूण म्हणून त्यांनी सुद्यापुढं लांबूनच पेढा धरला, कुत्र्यापुढं भाकर धरावी तसा. सुद्यानं पेढा घेतला आणि बोटांकडं बघितलं. तेवढ्यात शेषेरावांनी त्याला काखोटीला मारून मागच्या खोलीत नेलं.

तिथं सुद्या त्यांच्या पोटावर उड्या मारू लागला. "आबा, अस्वल दे." डबी कोनाड्यातच होती. शेषेरावांनी पैलवानी हिशेब केला : गडी एका डावानं पडला नाही तर दुसरा टाकायचा. एक गोळी दिली. सुद्या छातीवर बसला. दुसरी दिली. त्यानं मिशी ओढली. "अजून." मग मिशी सोडवायची म्हणून शेषेरावांनी मूठभर गोळ्या त्याच्या हातात ठेवल्या. सुद्यानं त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या आणि थोड्या वेळानं दंडावर मान टाकली. त्याच्यावर पांघरूण घालून, मिशीला पीळ देत शेषेराव मांडवात आले. "झोपला," ते म्हणाले. मांडवानं श्वास सोडला.

अंगठी बोटात जायच्या बेताला होती, तेव्हा सुद्याची आजी गुणाबाई आत डोकावल्या. सुद्या झोपेतसुद्धा लाथा झाडायचा. आज त्याचा अंगठादेखील हलत नव्हता. त्यांनी हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. मग त्या किंचाळल्या आणि पोराला उचलून मांडवात घेऊन आल्या. मान लोंबत होती. ओठ पांढरे पडले होते. श्वास चालू होता, पण विचारून विचारून घेतल्यासारखा.

शेषेरावांना त्याच क्षणी सगळं कळलं. त्यांच्या पोटात ते अस्वल हसलं.

"काय खाल्लं यानं? काय दिलं याला?" गुणाबाई ओरडल्या.

सुकन्या सुद्याचे तळहात चोळत म्हणाली, "मघाशी... पाव्हण्यांनी पेढा दिलता."

खरं बोलायला एक वाट होती आणि पळायला एक वाट मिळाली. शेषेराव दुसरीनं गेले. "चाव्याचा सूड घेतलास व्हय रं? माझ्या नातवाला ईख घातलंस?" असं म्हणून त्यांनी वैजनाथरावांच्या जबड्यावर जो ठोसा हाणला, त्यानं एक दात उडून सुपारीच्या तबकात पडला. मागून हिमायतनगरचे पुतणे उठले.

पुढचं पाहणाऱ्यांनी वर्षभर सांगितलं. मांडवाचे बांबू उपसले गेले. ओटीचा नारळ सुद्याच्या बापाच्या, शिवप्रसादच्या, डोक्यावर फुटला. नारळ चांगला निघाला. आचाऱ्यानं भरलेलं ओगराळं फिरवलं आणि उकळतं वरण दोघा पुतण्यांच्या पाठीवर सांडलं. एकाचा हात शेषेरावांनी असा पिरगाळला की खांद्यातून काडकन आवाज आला. अक्षतांवर रक्त सांडलं, लाल अक्षता आणखी लाल झाल्या. कुणाचं तरी कोपर शेषेरावांच्या नाकावर बसलं आणि मिशी भिजली, तरी ते थांबेनात. ज्याला खरं माहीत होतं, त्याचाच हात सगळ्यांत जड पडत होता.

कर्णकर्कश हॉर्न वाजला. नवरी, शालूसकट, पाहुण्यांच्या जीपमध्ये सुद्याला मांडीवर घेऊन बसली होती. "मुडदे पाडायचे तर मागून पाडा!" पुनम ओरडली. "आधी गाडी कोन हाकतंय ते सांगा!"

किल्ली वैजनाथरावांच्या खिशात होती. ते रक्त थुंकत स्टिअरिंगवर बसले. शेषेराव मागच्या सीटवरून त्यांची मानगूट धरून बसले. दवाखान्यापर्यंत एकानं गळा आवळला, दुसऱ्यानं कोपर मागं मारलं, आणि गाडी मात्र कुठं खड्ड्यात गेली नाही.

डॉक्टर बुद्धप्रिया वयानं पुनमएवढीच. तिनं सुद्याला ऑक्सिजन लावला, पापण्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, "काय दिलं होतं याला?"

"ह्यानं ईख दिलं!" शेषेरावांनी वैजनाथरावांना भिंतीवर आपटलं.

"त्यांना सोडा आणि माझ्याकडं बघा, आबा. विष असेल तर इलाज वेगळा, झोपेचं असेल तर वेगळा. तुम्ही चुकीचं सांगितलं तर मी चुकीचं करीन, आणि पोरगं हातचं जाईल. आता सांगा."

शेषेरावांनी सुद्याच्या छातीकडं पाहिलं. ती वर आली. मग पुन्हा येईपर्यंत एवढा वेळ गेला की तेवढ्यात त्यांची सगळी पदकं, सगळे फेटे, आखाड्यातल्या सगळ्या आरोळ्या मातीत गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांची पाठ टेकली.

"पेढ्यात काय न्हाई," ते म्हणाले. "म्या दिल्या. अस्वलाच्या गोळ्या. मूठभर."

वैजनाथरावांनी त्यांच्या कानफटात अशी वाजवली की बाहेरची नर्स आत आली. शेषेरावांनी हात उचलला नाही.

तोवर बाकीचेही दुसऱ्या जीपनं येऊन पोचले होते. मग जणू बांध फुटला. "एक म्या आधी दिलती," सुकन्या रडत म्हणाली. गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला, "दुधात जायफळ उगाळून पाजलं. जरा जास्तच." आणि डोक्याला फडकं गुंडाळलेला शिवप्रसाद कोपऱ्यातून पुटपुटला, "खोकल्याचं औषध... त्यानं लई झोप येतीय म्हणून..."

"खोकला होता?"

"न्हाई."

डॉक्टरनं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. गाठ खुनी टोळीशी पडली असती तर बरं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "नुसत्या गोळ्यांनी बहुतेक निभावलं असतं. पण खोकल्याचं औषध वरून पडलं, ते श्वासावर येतं. आणि त्या डबीवर लिहिलंय तेवढंच आत असतं, याची खात्री कोण देणार? चव गोळीबिस्किटाची, मग लेकरू मागतच राहणार. अस्वलाचं चित्र काढायला डॉक्टर लागत नाही, आबा. गोळी द्यायच्या आधी विचारायला मात्र तो लागतो."

सलाईन लावलं. बाहेरच्या बाकावर दोन्ही घराणी रक्ताळलेली, शेजारी शेजारी बसली. शेषेराव खाली मान घालून म्हणाले, "पाव्हणं, सोयरीक मोडायची तर मोडा. मला तोंड न्हाई बोलायला."

वैजनाथरावांनी जबडा चाचपला. "मोडली तर माझा दात फुकट जाईल की."

उन्हं उतरताना शेषेराव खाटेवर वाकले होते, तेवढ्यात सुद्याचा पाय हलला आणि लाथ थेट शेषेरावांच्या फुटक्या नाकावर बसली. भळकन रक्त आलं. शेषेरावांनी तो पाय दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि हमसून हमसून रडले.

सुद्यानं डोळे उघडले. बापाचं बांधलेलं डोकं बघितलं. वैजनाथरावांचा सुजलेला जबडा बघितला. त्या पुतण्याचा गळ्यात अडकवलेला हात बघितला.

"आबा, काय झालं?"

"मारामारी झाली रं बाळा."

"कवा?"

"तू झोपला हुतास तवा."

सुद्याचा खालचा ओठ थरथरू लागला. त्यानं एकेकाकडं आशेनं पाहिलं आणि आज्याची मिशी हळूच ओढली.

"आबा, परत करा की. म्या बघितलीच न्हाई."