चार नंबरचं काचघर

तिच्या गळ्यात कायम काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून तिचं नावच भिंग पडलं होतं. मामांच्या चार काचघरांपैकी चौथं तिच्या ताब्यात होतं. ढोबळी मिरचीच्या बारा ओळी आणि कोपऱ्यात उपयोगी किड्यांसाठी मुद्दाम फुलू दिलेली बडीशेप. मामी त्या बडीशेपेला "भाचीचा बगीचा" म्हणायची, आणि ते कौतुकानं नसायचं.

त्या वर्षी चारही घरांत मावा ही रस शोषणारी कीड पडली. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे थर, पानं चिकट, वळलेली. तीन वर्षं तेच औषध मारून मारून मावा त्याला सरावला होता. मामांनी औषध दुप्पट केलं. भिंगनं मात्र आपल्या घरात पंप फिरकूच दिला नाही. तिनं मुंग्या चढू नयेत म्हणून खांबांना ग्रीस लावलं, कारण मुंग्या माव्याची राखण करतात. फार लडबडलेले शेंडे खुडून पिशवीत बांधले. मग डबीतून मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्या आणि डासाहूनही बारीक अशा गांधीलमाश्या सोडल्या.

बाराव्या दिवशी मामा आत आले. एका पानावर काळी, काटेरी अळी चालली होती. मामांनी ती चिमटीत धरून चिरडली.

"हे आणखी काय नवीन लागलंय?"

"मामा, तो आपला माणूस होता," भिंग म्हणाली. "ढालकिड्याचं पोर. दिवसाला शंभर मावा खातं."

मामांनी बोट पँटला पुसलं. "शनिवारी व्यापारी येतोय. त्याला मी पोरं दाखवू का? उद्या सकाळी फवारणी."

"फवारलंत तर मावा आठवड्यात परत येईल. ही परत येणार नाहीत. सुक्याबरोबर ओलंही जळेल."

"उद्या सकाळी," मामा म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पंपवाला पाठीवर टाकी, तोंडाला मास्क असा दारात आला, तेव्हा भिंग आत सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे एका उलट्या क्रेटवर बसली होती. दारावर मामांच्याच हातची पाटी होती: आत माणूस असताना फवारणी करू नये.

पंपवाल्यानं मामांना बोलावून आणलं. मामा दारातच उभे राहिले.

"ऊठ."

"नाही."

"किती वेळ बसशील?"

"मावा संपेपर्यंत. डबा आणलाय."

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अर्धं घर सोडतो तुला. सहा ओळी तुझ्या, सहा माझ्या."

"औषधाला ओळी मोजता येत नाहीत, मामा. एकाच हवेत आहेत सगळे."

"तुझ्या आईला फोन करतो."

"करा. ती म्हणेल, मामाच्याच वळणावर गेली."

पंपवाला हे सगळं ऐकत होता. वीस वर्षं तो हेच काम करत होता. चहाचा वास कसा असतो हे त्याला आता आठवावं लागायचं, असं त्यानं एकदा भिंगला सांगितलं होतं. त्यानं टाकी खाली ठेवली, मास्क काढला आणि आत आला.

"काय दिसतं एवढं त्यात?"

भिंगनं दोरी गळ्यातून काढून भिंग त्याच्या हातात दिलं आणि एक पान उलटं केलं. माव्याच्या गर्दीत काही किडे फुगून, तांबूस होऊन, जागच्या जागी वाळले होते. एकाच्या पाठीला गोल भोक होतं, सुईनं पाडावं तसं.

"माशी त्याच्या पोटात अंडं घालते. आतलं पिलू त्याला खातं आणि तिथून बाहेर पडतं. मग पुढचा धरतं."

पंपवाल्यानं ते पान बघितलं, मग शेजारचं, मग त्याखालचं. मामा दारात घड्याळ बघत होते.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "आज पंप चालणार नाही."

"बिघडला?"

"पंप ठणठणीत आहे. मी चालवणार नाही."

मामा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग टाकी स्वतःच उचलून तीन नंबरच्या घराकडे गेले. तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं फवारणी केली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मास्क न लावता.

शनिवारी व्यापारी आला. तीन नंबरची झाडं तकतकीत दिसत होती. चार नंबरमध्ये त्यानं एक वळलेलं पान बघितलं आणि म्हणाला, "हे पुढच्या वेळी बघू." भिंगनं मान खाली घातली नाही. पण संध्याकाळी तिनं कडेच्या दोन ओळी मुळासकट उपटल्या. तिथे मावा फारच पुढे गेला होता, आणि हे तिला आधीच दिसायला हवं होतं. मामी दारात येऊन म्हणाली, "झाली हौस?" भिंग उपटत राहिली.

मामा पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. निरोप पंपवाल्यामार्फत यायचे.

तिसऱ्या आठवड्यात चार नंबरच्या उरलेल्या दहा ओळींत हिरवा मावा शोधावा लागत होता. शेंडे सरळ झाले, नवी फुलं धरली. तीन नंबरमध्ये मावा परत आला होता, आधीपेक्षा दाट. आणि तिथे शांतता होती. परागीकरणासाठी तिथे ठेवलेली भुंग्यांची पेटी मुकी पडली होती. भिंगनं फडा घेतला, जमिनीवर वाळून पडलेले भुंगे गोळा केले, एका कागदावर ठेवले आणि कागद नेऊन मामांच्या टेबलावर ठेवला.

दुपारी मामा चार नंबरमध्ये आले. बराच वेळ ओळींतून फिरले. एका पानावर काटेरी अळी दिसली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"ही तीन नंबरला कधी सोडतेस?"

"आत्ता नाही. औषध उतरायला सहा आठवडे लागतील. त्याआधी मी यांना तिथे मरायला पाठवणार नाही."

"सहा आठवडे म्हणजे तिथला हंगाम गेला."

"हो, गेला."

मामांनी सुस्कारा सोडला. "मग मी काय करू म्हणतेस?"

"औषधाच्या खोलीची किल्ली मला द्या. चारही घरांत काय मारायचं, काय नाही, ते मी ठरवणार. मला विचारल्याशिवाय कुणी पंपाला हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"मालक मी आहे."

"आहातच. म्हणून तर तुमच्याकडे मागतेय."

मामांनी खिशातून जुडगा काढला. किल्ली कडीतून निघेना, त्यांची नखं तोकडी होती. भिंगनं मदतीला हात पुढे केला नाही. ती नुसती तळवा उघडा ठेवून उभी राहिली, किल्ली निघेपर्यंत.