खाडीच्या अलीकडचा बास

"होडी आजपासून पलीकडे जाणार नाही," धक्क्यावरचा पोलीस म्हणाला.

सत्यवानाने डोक्यावरचा बास जपून खाली उतरवला. पुरुषभर उंचीचे ते व्हायोलिन. चिखल लागू नये म्हणून त्याने ते स्वतःच्या पायांवर टेकवले.

"साहेब, हे माझं नाही. पलीकडच्या बँडचं आहे. काल खाडी खवळली होती म्हणून माझ्याकडे राहिलं. एवढं देऊन येतो."

"हद्द बंद झाली. गोव्यात जायचं नाही, तिकडून यायचं नाही."

"कधीपर्यंत?"

पोलिसाने काठीने परत फिरायची खूण केली. त्यालाही ठाऊक नसावे.

ही पंचावन्न सालची गोष्ट, गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. सत्यवान आरोंद्याचा तारी, माणसे खाडीपार नेणारा. खाडीपलीकडचा, मांद्र्याकडचा एक बँड सावंतवाडीच्या बाजूला लग्नांना, चर्चच्या फेस्तांना वाजवायला येई. बास सत्यवानाच्या होडीतून यायचा आणि त्याच्याच डोक्यावरून पुढे जायचा. वाजवणारा पास्कू जेवायला बसला की सत्यवान तारा छेडून पाही. शिकवले कोणीच नाही. सुरांची नावे ठाऊक नव्हती, म्हणून जाडीप्रमाणे त्याने चार तारांना आजो, बापूस, आवस म्हणजे आई आणि सगळ्यांत बारीक तारेला चेडू म्हणजे मुलगी म्हटले. पुढे पास्कूची बोटे वाताने वाकली, तेव्हा बँडचा मेस्त्री सत्यवानाला म्हणाला, "आज तू उभो ऱ्हव." तेव्हापासून तोच उभा राहत होता. होडीवर त्याचे पोट होते. बँडवर काय होते, ते मला नेमके सांगता येणार नाही.

मी त्याचा शेजारी, शाळामास्तर. मला सूर कळत नाहीत. तेव्हा हे सारे माझ्या कानांच्या भरवशावर.

तर, म्हणजे खाडीपार जाणारी होडी, बंद पडली. सत्यवान दिवसा पाग टाकून मासे धरी आणि संध्याकाळी पडवीत बास उभा करी. वाजवणार काय, तर बँडमध्ये वाजवायचा तेच. धुम्, धुम्, मग गप्प. पुन्हा धुम्. वरचे गाणे पलीकडे राहिले होते.

"खंयचा गाणा रे ह्या?" पलीकडच्या घरातला बाबली कुंपणाच्या वईवरून विचारी. "माझो रेडो असोच हुंकारता."

"तुझ्या रेड्याक ताल तरी आसा?" सत्यवान म्हणे, पण हसत नसे.

मुंबईहून भावाने गिरणीत नोकरी पाहिल्याचे कळवले. बायको तुळसा म्हणाली, "जावा तरी. हंय काय आसा?"

"दुसऱ्याची वस्तू टाकून खंय जाव? आज ना उद्या हद्द उघडतली."

तीच एकदा भात सडताना शेजारणीला म्हणाली, "ह्या गाण्याक तोंड नाय गो बाय. नुसते पाय आसत."

ती सहज बोलली, पण त्याला लागले. मधल्या रिकाम्या जागांत तो आठवेल तसे वरचे गाणे भरू लागला. आधी दोनचार सूर, मग एखादी ओळ. चेडू तुटली तेव्हा त्याने पागाची दोरी पिळून लावली. हळूहळू बाबलीही वईवर टेकून मुकाट ऐकू लागला.

एकसष्ट सालच्या अखेरीस गोवा मोकळा झाला. जानेवारीत पलीकडे एका लग्नाला बँड होता. बास आम्ही दोघांनी धरून नेला, मागचे टोक माझ्याकडे होते. पास्कूने तो पाहून आधी त्याच्या लाकडावरून हात फिरवला, मग सत्यवानाच्या पाठीवरून.

पहिल्याच गाण्यात बास गाऊ लागला. पाहुणे वळून पाहू लागले. सत्यवानाचे डोळे मिटलेले होते. नाचणाऱ्यांची पावले चुकत होती, हे माझ्याही ध्यानात आले.

गाणे संपल्यावर मेस्त्री त्याच्याजवळ वाकला. "सत्यवाना, बरा वाजयतस. पण बासान गाणा म्हणूचा नसता रे. बाकीच्यांका धरून ऱ्हवचा असता."

"व्हय मेस्त्री. चुकलंय."

दुसऱ्या गाण्यात तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. धुम्, धुम्, गप्प. त्या गप्प जागेत त्याची बोटे सुटलीच. त्याने पुन्हा आवरले. ती पुन्हा सुटली. गाणे चालू असतानाच त्याने बास पास्कूपुढे धरला.

"घे तू."

"माझी बोटां वाकडी आसत रे."

"माझी सुदी आसत, पण आयकनत नाय."

पास्कूने दोन वाकड्या बोटांनी वाजवायला घेतले. साधे चार ठोके. नाचणाऱ्यांची पावले जागच्या जागी पडू लागली. सत्यवान मांडवाच्या खांबाशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. परतताना होडीत आम्ही दोघेच होतो, बास पास्कूकडे राहिला.

पुढे तर चालू झाली. बँड अलीकडे यायचा असला की सत्यवान बासासाठी होडीत चटई अंथरी आणि पाणी उडेल त्या बाजूला स्वतः बसे. धक्क्याला लागल्यावर तो गुडघाभर पाण्यात उतरून बास पास्कूच्या हाती देई. मेस्त्री म्हणे, "चल रे, जेवक तरी येशीत."

"होडी कोणाक सांगू?" तो म्हणे.

मंडळी चढण चढून दिसेनाशी होत. मग तो वल्हे उचलून धक्क्यावरच्या उतारूंना हाक घाली, "पलीकडे कोण आसा?"