शाडूचं कमळ

चैत्र लागला की नाशकात भद्रकालीच्या बायकांना कैरीच्या डाळीबरोबर अंबूबाईची आठवण व्हायची. अंबूबाई कुंभाराची लेक. शाडूची फळं करावीत तर तिनेच. आंब्याच्या देठाशी चीक ओघळलेला, केळ्यावर काळे ठिपके, डाळिंब एका अंगाने उकललेलं. आळीतल्या वकिलीणबाईंकडे चैत्रगौरीपुढे ती फळं मांडली की हळदीकुंकवाला आलेली एखादी तरी बाई आंबा हळूच दाबून बघायची. ते बघायलाच अंबूबाई दाराशी ठाण मांडून बसायची.

एकोणऐंशी साली विमलाबाई तिच्या शेजारी राहायला आल्या. नवरा ओझरच्या विमान कारखान्यात. त्या वर्षी हळदीकुंकवाला त्यांनी वकिलीणबाईंकडचं एक कलिंगड मागून घेतलं आणि भाजीच्या सुरीने बघता बघता त्याचं कमळ केलं. बाहेर हिरव्या पाकळ्या, मग पांढऱ्या, आत लालभडक. बायकांचा गराडा पडला. कमळाच्या परातीला जागा हवी म्हणून कोणीतरी शाडूचं डाळिंब उचललं आणि फडताळात ठेवून दिलं.

अंबूबाईने ते पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षभर थांबलं नाही. नळावर विमलाबाई बोलायला आल्या की ही हंडा अर्धाच भरून निघायची. कोणी कमळाचं कौतुक केलं की म्हणायची, संध्याकाळी गाईपुढेच टाकायचं ना ते, त्यात काय एवढं.

पुढच्या वर्षी फाल्गुनात तिने नदीकाठून एक कलिंगड आणलं, दार लावून घेतलं आणि कापायला बसली. पाकळ्या काही उठेनात, बोट मात्र कापलं. तेव्हा तिने शाडू भिजवला. तीन कमळं वाळताना तडकली. चौथं टिकलं. लाल रंग तिने सात वेळा दिला, तेव्हा कुठे तो कलिंगडासारखा ओला दिसला.

हळदीकुंकवाच्या दिवशी विमलाबाई यायच्या आधीच तिने ते फडक्याखाली झाकून नेलं आणि गौरीपुढे मांडलं. बायका थक्क झाल्या. मग वकिलीणबाई म्हणाल्या, "अगदी विमलाबाईंचं कमळ हो!" मग जी ती तेच म्हणू लागली. अंबूबाईच्या कानशिलावर चपराक बसावी तसं झालं. महिनाभर राबली ही, आणि नाव त्या बाईचं. विमलाबाई आल्या, कमळापुढे बसून राहिल्या. वकिलीणबाईंनी कलिंगड कापायला पुढे केलेली सुरी त्यांनी परत दिली. ही मला हिणवतेय, असं अंबूबाईला वाटलं आणि ती पन्हं न घेताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाई तिच्या दारात उभ्या.

"अंबूबाई, ते कमळ मला द्याल का?"

"तुम्हाला कशाला? तुम्हाला तर खरं करता येतं."

"माझं दिवेलागणीपर्यंत मलूल होतं. इतकी वर्षं करतेय, पण दाखवायला माझ्याकडे एक पाकळी नाही. काल तुमचं पाहिलं आणि घास उतरेना. चांगलं वाटलं म्हणून नव्हे. मत्सर वाटला मला तुमचा."

अंबूबाईला इतकं गोड कोणी आजवर बोललं नव्हतं. तिने विमलाबाईंना पाट दिला, चहा टाकला. कमळ मात्र दिलं नाही. म्हणाली, "देणार नाही. हवं तर करायला शिकवते."

विमलाबाई दर सोमवारी येऊ लागल्या. त्यांचा पहिला आंबा बटाट्यासारखा झाला, तेव्हा अंबूबाई पदर तोंडाला लावून पोटभर हसली. पण त्या बाईचा हात मुळातच चांगला. श्रावणापर्यंत त्यांचा पेरू असा उतरला की अंबूबाईचा जीव पुन्हा खालीवर झाला. तिने आंबा शिकवला, पेरू शिकवला, रंगात डिंक किती घालायचा तेही सांगितलं. सीताफळ राहिलं. त्याचे डोळे कसे उठवायचे ते विमलाबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा अंबूबाईने शाडू संपल्याचं सांगितलं आणि भिजवलेल्या गोळ्यावर परात पालथी घातली.