रिकामी टाकी

“ग्राइंडर खाली ठेव, नसरुद्दीन!” वसंतराव बोळाच्या तोंडाशीच ओरडले.

नसरुद्दीनने मान वळवली नाही. व्हिलामागच्या बॉयलरला डिझेल पुरवणारी लोखंडी टाकी तळातून गळायला लागली होती. आखातातल्या या शहरात फुटबॉलचा वर्ल्डकप दहा दिवसांवर आलेला. व्हिला पाहुण्यांना भाड्याने द्यायची, त्यांना गरम पाणी हवं, आणि अख्खी टाकी काही बोळातून बाहेर निघत नव्हती.

नवी टाकी निवडायचं काम वसंतरावांचं. पस्तीस वर्षं त्यांनी टाक्याच बसवल्या होत्या. बोळ तीनदा मोजून त्यांनी एका मोठ्या लोखंडी टाकीऐवजी दुहेरी भिंतीच्या दोन अरुंद प्लास्टिक टाक्या पसंत केल्या. जुनीबद्दल एकच म्हणणं : आधी धुवा, पाणी भरा, मगच कापा.

“धोने-भरने को दो दिन नहीं है,” मॅनेजर कमाल म्हणाला. “टंकी खाली है. यल्ला, जल्दी काटो!”

“रिकामी आहे म्हणूनच फुटेल. आत डिझेलची वाफ कोंडलीय,” वसंतराव नसरुद्दीनला म्हणाले.

“काका, माझी नोकरी जाईल. व्हा बाजूला.”

सहा वर्षांपूर्वी एका यार्डात असंच रिकामं पिंप कापताना वसंतरावांच्या हाताखालचा अभिजित गेला होता. झाकण त्याच्या छातीत घुसलं. त्याला उचलायला गेलेल्या वसंतरावांच्या हातात भाजलेलं कातडं सुटून आलं होतं.

ग्राइंडर घरघरला. वसंतराव धावले आणि हातातला पाइपपाना सगळ्या ताकदीनिशी नसरुद्दीनच्या मनगटावर हाणला. हाड काडकन मोडलं. खाली पडलेला ग्राइंडर फरशीवर थयथयाट करत फिरला; वसंतरावांनी वायर हिसकून काढली. तेवढ्यात कमालने त्यांची मानगूट धरून तोंड भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. पुढचे दोन दात रक्ताबरोबर बाहेर आले. नसरुद्दीन गुडघ्यांवर बसून आईच्या नावाने किंचाळत होता.

हॉस्पिटलात नसरुद्दीनने शिडीवरून पडल्याचं सांगितलं. पाहुणे येण्याआधी पोलीस कमाललाही नको होते. वसंतरावांना त्याने एका शब्दात निकालात काढलं : “खलास.” परतीचं विमान गुरुवारचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसांनी टाकी तशीच कोरडी कापली. काही झालं नाही. वसंतरावांनी निवडलेल्या दोन्ही टाक्या बोळातून अलगद आत गेल्या.

वसंतराव आणि नसरुद्दीन नजमा वस्तीतल्या एकाच खोलीत राहत. नसरुद्दीनचं मनगट पूर्वीसारखं वळेल असं डॉक्टर म्हणाला नव्हता.

“ऐकलात ना? काय नाय झालं,” नसरुद्दीन म्हणाला.

“ऐकलं.”

“मग माझा हात फुकट मोडलात.”

वसंतरावांनी खाटेखालची बॅग ओढून कपडे भरायला घेतले.

गुरुवारी सकाळी नसरुद्दीन कंपनीच्या ऑफिसला निघाला होता. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताना एक चुकलं, त्यापुढची सगळीच चुकली. वसंतरावांनी बांधून ठेवलेली बॅग बाजूला सारली, उठले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. नसरुद्दीनने तोंड फिरवलं, पण मागे सरला नाही. वसंतरावांनी सगळी बटणं सोडली आणि गळ्यापासून पुन्हा एकेक लावत खाली आले.