जळबाची चार बोटं

ऑर्डर मिळाली.

मोबाइलवर एवढंच आलं. जळबाच्या पोरीनं, करुणानं, ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मासेमारी गटातल्या सहा घरांचे पैसे चीनला गेले. जळबाला वाटलं, एवढं मोठं काम झालं, काहीतरी आवाज तरी व्हायला पाहिजे होता.

नांदेडच्या दुकानात जे जाळं मिळायचं, तेच थेट कारखान्यातून निम्म्यात. भाड्यासकट.

"दुकानदार तरी कुठून आणतो? तिथूनच ना?" करुणा गटाच्या बैठकीत म्हणाली होती. "मग मधल्या माणसाला काहून पोसायचं?"

जळबा गटाचा म्होरक्या, तरी त्या दिवशी मुद्दाम मागं बसला होता. पुढं बसला असता तर पोरीचं कौतुक तोंडावर दिसलं असतं.

"चिनी माल हाय, दाजी," त्याचा मेव्हणा रत्नपाल बोलला. "पाण्यात पडला की इरघळला."

"मामा, तुमच्या खिशातला मोबाइल कुठला हाय?"

सगळे हसले. रत्नपालही हसला, पण थोडा उशिरा.

माल निघाला.

माल बंदरावर आहे.

माल बंदरावर आहे.

माल बंदरावर आहे.

बावीस दिवस. गटातली सगळ्यात जुनी जिवनबाई येता-जाता विचारायची, "जळबा, तुजं जहाज आलं का रं?" जळबा म्हणायचा, "येऊन राहिलं." जसं काही ते कयाधू नदीतूनच येणार होतं.

माल पोचला.

करुणानं तो शिरड शहापूरच्या पोस्टातून गाडीवर आणला. उशीएवढं गाठोडं. फोडलं तर दोरी नाही, तरंगायला बुचं नाही, बुडायला शिसं नाही. नुसतं जाळं.

"मच्छरदाणी आली गं!" जिवनबाई ओरडली.

"दोरी, बुचं, शिसं आपण लावायचं, आजी. म्हणून तर स्वस्त हाय."

जळबानं जाळं हातात घेतलं. धागा केसासारखा, दोन्ही हातांनी ताणला तरी तुटेना. गाठी सारख्या, एकही सैल नाही. चाळीस वर्षं मासे धरले, असं जाळं पाहिलं नव्हतं. मग सवयीनं त्यानं जाळ्याच्या एका घरात, गाठींमधल्या भोकात, बोटं घातली.

एक.

दोन.

तीन.

चौथं बाहेर राहिलं.

गट ज्या तलावात मासे धरायचा, त्याचा नियम कुठल्या कागदावर नव्हता, जळबाच्या पंजावर होता. जाळ्याच्या घरात त्याची चार बोटं मावली पाहिजेत. म्हणजे लहान कटला-रोहू निसटतात, वाढतात, पुढच्या साली मोठे होऊन सापडतात. मावली नाहीत तर जाळं पाण्यात जात नाही. दोन वर्षांमागं रत्नपालनं तीन बोटांचं जाळं आणलं, तर जळबानं ते काठावरच विळ्यानं कापलं होतं. सख्ख्या मेव्हण्याचं. बायको महिनाभर बोलली नव्हती.

आणि आता हे.

चूक कशी झाली, ते त्याला उभ्या उभ्या कळलं. माप मिलिमीटरमध्ये मागितलं असणार. घरात लहानपणापासून ऐकलेलं माप एकच, चार बोटं. पोरीनं पट्टीवर बोटं ठेवली आणि आकडा लिहिला. बोटं कुणाची, हे गावात कधी कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

जळबानं हात काढून घेतला. आजूबाजूला पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं.

"दोरी काढा," तो म्हणाला.

दोन दिवस समाजमंदिराच्या ओट्यावर सगळा गट बसून जाळ्याला दोरी ओवत होता, बुचं बांधत होता. जळबा गाठी मारत होता आणि मनात म्हणत होता, आज सांगू. जेवण झाल्यावर सांगू. उद्या सांगू. करुणा समोरच बसून शिसं ठोकत होती. मधूनच मान वर करून बापाच्या हातांकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाळं तलावावर आलं. सगळी सहा घरं काठावर.

"बा, हात द्या," करुणा म्हणाली.

जळबाचा हात खिशात होता. तो तिथंच राहिला.

"बा. हात."

त्यानं दिला. तिनं तो सगळ्यांसमोर जाळ्याच्या घरात घातला. तीन बोटं आत, एक बाहेर. रत्नपाल पुढं सरकला.

"चूक माजी," करुणा म्हणाली. "मी माजी बोटं मोजली. गटाची बोटं बाची हायेत. हे जाळं पाण्यात जाणार न्हाई." तिनं पिशवीतून विळा काढला आणि मूठ रत्नपालकडं केली. "मामा, तुमचं जाळं बानं कापलं व्हतं. हे तुमी कापा."

रत्नपालनं विळा घेतला. जाळ्याकडं पाहिलं, भाचीकडं पाहिलं.

"मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं," जळबा एकदम बोलला. "बोटं घालून पायली व्हती मी. गप बसलो. कापायचं तर मलाच काप, रत्नपाल."

"आमाला दोन दिस गाठी मारायला लावल्या व्हय रं?" जिवनबाई म्हणाली.

"मला ठाऊक व्हतं, बा," करुणा हळू म्हणाली. "नवं जाळं आलं की तुमी दहादा बोटं घालता. दोन दिसात एकदाबी घातली न्हाई. तवाच जुन्या जाळ्याशी मापून बघितलं मी."

रत्नपालनं विळा खाली टाकला. "एवढं चांगलं जाळं कापायला मी काय येडा हाय? माशांच्या पिल्लांच्या डबक्यावर ताणू. पाणकावळे अर्धी पिल्लं खाऊन राहिले." मग करुणाकडं वळून म्हणाला, "नवं मागव. दोन मिळून नांदेडच्या एकाएवढंच पडन. पण बराबर माप लिव या टायमाला."

पट्टी निघाली. विळ्याच्या शेजारी, दगडावर जळबाचा पंजा ठेवला. सहा घरं वाकून बघत होती.

"हात फुगवू नका, दाजी."

"फुगवत न्हाई."

"फुगवताय. छातीबी फुगून राहिली."

"चौऱ्याऐंशी," करुणानं वाचलं आणि मोबाइलवर लिहिलं.

जळबा पट्टीकडं बघतच नव्हता. तो पोरीकडं बघत होता, सगळ्यांच्या देखत, आणि आज त्याला तोंड लपवायचं नव्हतं.